पहिला वास खरा

लग्न होऊन या घरात आले तेव्हा माहेरहून आणलेला पावडरचा डबा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटाच्या डोक्यावर टाकला. म्हणाल्या, ‘अगं, त्याचं नाक आहे.’ मी मनात म्हटलं, नाक काय, सगळ्यांनाच असतं. पण नव्या नवरीनं तोंड उघडायचं नसतं म्हणून गप्प बसले. ती कसर पुढे व्याजासकट भरून काढली, ते जाऊ दे.

तर तेव्हापासून आमच्याकडे सुगंधी म्हणून काही आलं नाही. पावडर नाही, अत्तर नाही, वासाचं तेल नाही. अंगाचा साबणसुद्धा असा, की हुंगला तर दगड हुंगल्यासारखं वाटावं. पाहुणीबाई अत्तर लावून आली तर हे उठून गॅलरीत जायचे, आणि ती गेली की मी खिडक्या उघडायच्या. लोकांना वाटायचं माणूस शिष्ट आहे, नाकावर माशी बसू देत नाही. शिष्ट नव्हते. त्या नाकावर आमची चूल पेटत होती.

हे डेअरीत होते. कागदावर हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे यांना ‘नाकवाले’च म्हणायचे. सकाळी गावागावांतून दुधाच्या गाड्या यायच्या, कॅन फलाटावर उतरायचे, आणि हे त्या रांगेतून चालत जायचे. माणूस झाकण उचलून धरायचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला नाक न्यायचे, एक श्वास घ्यायचे. ठीक असेल तर ‘सोडा’ म्हणायचे. नसेल तर कॅनवर तळहातानं थाप मारायचे, की तो कॅन बाजूला. सोडलेलं दूध सगळं एकाच मोठ्या टाकीत पडायचं. म्हणजे एक आंबूस कॅन नजरेतून, नव्हे, नाकातून सुटला, की सगळ्या गावांचं दूध गेलं. प्रयोगशाळा होती की, पण उन्हात उभ्या असलेल्या शेकडो कॅनांची एकेक तपासणी करत बसलं तर चांगलं दूधही नासेल. म्हणून आधी नाक, मग बाकीचं.

ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली हे शिकले त्यानं यांना एकच नियम घालून दिला होता. पहिला वास खरा. झाकणाला दुसऱ्यांदा नाक लावलंस की नाक सरावतं, आणि सरावलेलं नाक तुला पाहिजे ते सांगतं. म्हणून फलाटावर यांनी एक कॅन दोनदा कधी हुंगला नाही. कोणी हातापाया पडून म्हणालं, ‘साहेब, पुन्हा एकदा बघा,’ तरी हे पुढच्या कॅनकडे गेलेले असायचे.

आणि हा नियम फलाटावर ठेवून घरी येतील तर ते हे कसले. भाजी, चपला, भाड्याचं घर, सगळं एका झटक्यात. मला बघायला आले तेव्हा चहा पिऊन खाली उतरताना यांच्या आत्या म्हणाल्या होत्या, आणखी एक मुलगी बघून मग ठरवू. हे म्हणाले, ‘कशाला, पहिला वास खरा.’ आत्यांनी हे मला लग्नानंतर कौतुकानं सांगितलं. आता यात माझं कौतुक होतं की दुधाच्या कॅनशी बरोबरी होती, ते मला अजून कळलेलं नाही.

मग यांना सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. आधी मी लक्ष दिलं नाही. वाफ दिली, काढा दिला, बडबड केली. पण वर्ष उलटत आलं तरी नाक चोंदलेलं, कपाळ जड, झोपताना तोंड उघडं. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. मी म्हणायचे डॉक्टरकडे चला, हे म्हणायचे सर्दीला काय डॉक्टर.

एका सकाळी शेगडीवर दूध ठेवून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. यांची सुट्टी होती, यांना सांगून गेले, दुधाकडे बघा. गच्चीवर शेजारीण भेटली, चार गोष्टी झाल्या. परत येते तर जिन्यातच करपल्याचा वास. धावत आत आले तर पातेलं काळं ठिक्कर, स्वयंपाकघरात धूर, आणि शेगडीपासून दोन हातांवर, तिच्याकडे पाठ करून, खुर्चीत बसून हे पेपर वाचतायत.

मी तोंडाचा पट्टा सोडला. दूध गेलं, पातेलं गेलं, घर जळलं असतं तर पेपरातच वाचलं असतं तुम्ही. हे मागे वळले. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता चिडतील. हे हळू आवाजात म्हणाले, ‘दार लाव. कोणी ऐकेल.’

मला तिथेच कळलं. दार लावलं आणि विचारलं, ‘कधीपासून?’

‘बरेच दिवस.’

‘मग फलाटावर काय करता?’

तेव्हा सांगितलं. एखाद्या दिवशी थोडा वास येतो, एखाद्या दिवशी काहीच नाही. मग झाकणाच्या आत साय कशी चिकटलीय ते बघतात, गाडी किती उशिरा आली ते बघतात, आणि आणणाऱ्याचं तोंड बघतात. इतक्या वर्षांत कुणाचं दूध कसं असतं ते पाठ झालेलं. आणि एकदाच नाक न्यायचं हा यांचा नियम सगळ्यांना माहीत, त्यामुळे त्या एका श्वासात काही आलं की नाही ते कळणार कुणाला? मी म्हटलं, साहेबांना सांगा. हे म्हणाले, सर्दी गेली की येईल परत, उगाच कशाला.

सर्दी जायच्या आधी टाकी गेली. एका म्हाताऱ्या गवळ्याचा कॅन होता, त्याचं दूध आजवर एकदाही परत गेलेलं नव्हतं. यांनी झाकणाला नाक नेलं, काही आलं नाही, म्हाताऱ्याचं तोंड बघितलं आणि ‘सोडा’ म्हणाले. दुपारपर्यंत अख्खी टाकी आंबली. डेअरीच्या मागचं गटार पांढरं होऊन वाहत होतं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती, असं मला दुसऱ्यांनी सांगितलं. हे त्यातलं काही बोलले नाहीत. जेवले नाहीत एवढंच.

साहेब वयानं लहान, पण माणूस भला. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘नाकवाले, तुम्ही उपचार करून घ्या, तोवर कॅन धुण्याकडे बसा. जागा तुमचीच आहे, नाक आणलंत की उभे राहा.’ ओरडले असते तर यांना बरं वाटलं असतं.

मग डॉक्टरणीकडे गेलो. फवारे झाले, गोळ्या झाल्या. गोळ्या घेतल्या की चार दिवस वास यायचा, संपल्या की पुन्हा सगळं बंद. डॉक्टरणीनं यांच्या डोक्याचा फोटो काढून आणायला लावला आणि तो उजेडाच्या काचेवर लावला. गालांच्या मागे, डोळ्यांच्या मध्ये, कपाळात, हाडांत पोकळ्या असतात म्हणे. त्या फोटोत काळ्या दिसायला हव्यात, कारण आत हवा हवी. यांच्या बऱ्याचशा करड्या होत्या. नाकात मांसाचे कोंब वाढले होते आणि त्यांनी दारं बंद करून टाकली होती.

‘दोन रस्ते आहेत,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘एक, मर्यादित ऑपरेशन. दुर्बीण घालून कोंब काढायचे, मुख्य तुंबलेली दारं तेवढी मोकळी करायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. त्रास कमी, लवकर घरी जाल. दुसरं, नेहमीचं पूर्ण ऑपरेशन. दोन्ही बाजूंच्या सगळ्या पोकळ्या उघडायच्या, मधल्या पातळ भिंती काढायच्या, म्हणजे औषधाचं पाणी कोपऱ्या-कोपऱ्यात पोचतं.’

‘मग चांगलं कोणतं?’ मी विचारलं.

‘डोकं दुखणं, नाक चोंदणं, यासाठी दोन्हींची तुलना केली तर फार फरक दिसत नाही. पहिल्यात कोंब पुन्हा वाढायची भीती जास्त. दुसऱ्यात ती कमी, पण मला वर छतापर्यंत काम करावं लागतं, आणि वासाच्या शिरा तिथेच असतात. मी जपूनच करीन. पण तिथं इजा झाली तर ती भरून येत नाही.’

हे इतका वेळ फोटोकडे बघत होते. म्हणाले, ‘वास कशानं येईल?’

‘दोन्हींनी येऊ शकतो. दोन्हींनी कदाचित येणारही नाही. खात्री मी देणार नाही.’

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘अहो बाई, भाजीवालासुद्धा सांगतो, ही घ्या, ती घेऊ नका. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि निवड आमच्यावर टाकता?’

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘भाजी परत करता येते, हे नाही. म्हणून तर मी विचारतेय. घाई नाही. हवं तर आणखी एका डॉक्टरांचं मत घ्या, मी फोटो देते.’

‘नको,’ हे म्हणाले. ‘पहिलं.’

बाहेरच्या बाकड्यापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं, यांनी काय केलं ते. पहिलं ऐकलं, पहिलं घेतलं. एक श्वास, आणि ‘सोडा’.

घरी त्यावरून महाभारत झालं. आमची मुलगी नोकरीवरून आली ती फोनवर वाचत बसली, आणि वाचून झाल्यावर म्हणाली, ‘बाबा, कोंब असले तर पूर्णच करावं. अर्धवट केलंत तर पुन्हा वाढतील. निदान दुसऱ्या डॉक्टरला विचारू.’ तेवढ्यात थोरले दीर आले. त्यांनी तरुणपणी सायनसचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन करून घेतलं होतं, वरच्या ओठाखालून हाड फोडून. ते गालावर बोट आपटत म्हणाले, ‘हा बघ, अजून बधिर. दाढी करताना कापलं तर रक्त दिसल्यावर कळतं. पूर्णबिर्ण काही नको. जेवढं कमी तेवढं बरं.’ मुलगी म्हणाली, काका, ते ऑपरेशन वेगळं, आता तसं सहसा करत नाहीत. दीर म्हणाले, गाल मात्र तोच आहे.

‘बाबा, हे नाक आहे,’ मुलगी शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली. ‘दुधाचा कॅन नाही.’

‘मला ठरवायची एकच रीत येते,’ हे म्हणाले. ‘आयुष्यभर तिच्यावरच चाललं.’

आणि मी? मला सगळे विचारत होते, तू सांग. भाजी निवडता निवडता मी पूर्ण ऑपरेशनकडे झुकायचे, ती शिजेपर्यंत अर्ध्याकडे. पूर्ण केलं आणि ती शीर गेली तर? अर्धं केलं आणि कोंब परत आले तर? ज्यात चूक होऊ शकते असे दोन्ही रस्ते माझ्यासमोर ठेवलेले, आणि माझ्याकडे ना वाचायची अक्कल, ना आत डोकावायचा डोळा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यातली निदान खोली तरी दिसते. मी म्हटलं, तुमचं नाक, तुम्ही ठरवा.

मर्यादित ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी घरी आलो. मग रोज मिठाचं पाणी नाकात सोडायचं, वाडग्यावर वाकून. मी टॉवेल धरून उभी. ‘काही येतंय?’ ‘नाही.’ ‘आज?’ ‘नाही.’ शेवटी हे वैतागून म्हणाले, तू विचारायचं बंद कर, आला तर मी लपवून ठेवणार आहे का. लपवण्यात यांचा हात कोणी धरला नसता, पण मी टॉवेल पुढे केला.

आणि एका सकाळी मी ओट्याशी कांदा चिरत होते, हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘दूध उतरव. खाली लागतंय.’

मला काही वास आला नव्हता. उतरवलं, दुसऱ्या पातेल्यात ओतलं. तळाला नखाएवढा तांबूस डाग होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. हे म्हणाले, कांद्यानं रडतेस की काय. मी म्हटलं, हो, कांद्यानं.

काय दिवस होते ते. हे घरभर हुंगत फिरायचे. माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्या सापडल्या, त्यावरून बोलणी खाल्ली. मुलीनं कुठलासा शॅम्पू आणला होता, तिला दम भरला, तर ती मेली दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा त्यानंच न्हाली, बाबांच्या शिव्या खायला. फलाटावर परत उभे राहिले. पहिल्या दिवशी पहिल्याच गाडीतल्या कॅनवर थाप मारली, आणि प्रयोगशाळेनं नंतर तो आंबूस असल्याचं सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. थोरले दीर गाल चोळत म्हणाले, मी सांगितलं नव्हतं? मुलगीसुद्धा म्हणाली, बाबांचं बरोबर होतं.

मग एकदा बाजारात एका गाडीचा ड्रायव्हर भेटला. इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, ‘वहिनी, आमचे नाकवाले हल्ली झाकण दोनदा हुंगतात.’

पिशवी हातात जड झाली. त्याला बिचाऱ्याला काय कळणार आपण काय बोललो ते. मी घरी येऊन भाजी तशीच ठेवली आणि बसून राहिले. हे संध्याकाळी आले. मी काही विचारायच्या आधी म्हणाले, ‘आज साहेबांना सांगून आलो. पुन्हा टाकी नको. उद्यापासून कॅन धुवायला.’ आणि हात-पाय धुवायला गेले.

फोटोत पुन्हा करडं दिसलं. कोंब परत आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पूर्णच करावं लागेल. या वेळी निवडायला काही नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याचं बरंच वाटलं. पूर्ण ऑपरेशन झालं, नीट झालं. नंतरचा फोटो त्यांनी काचेवर लावला तर सगळीकडे काळं, स्वच्छ. आपल्या कामावर खूश होऊन म्हणाल्या, ‘सुंदर दिसतंय.’ डोकं दुखायचं थांबलं. हे आडवे होऊन, तोंड मिटून झोपायला लागले. बारा वर्षांच्या पोरासारखा श्वास चालतो आता. फक्त वास आला नाही. गोळ्या देऊन बघितल्या, त्यानंही नाही. निरनिराळ्या बाटल्या रोज हुंगायला दिल्या, हे इमानदारीनं हुंगायचे आणि इमानदारीनं ‘नाही’ म्हणायचे.

एकदा हे बाहेर गेल्याचं बघून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘पहिल्यांदाच पूर्ण केलं असतं तर?’

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘कदाचित राहिला असता. कदाचित तेव्हाच गेला असता, आणि मधले महिनेही मिळाले नसते. मला माहीत नाही हो. कुणालाच सांगता येणार नाही.’

मला कोणावर तरी चिडायचं होतं. डॉक्टरणीवर, दिरांच्या गालावर, त्या मेलेल्या म्हाताऱ्याच्या नियमावर, यांच्यावर. भांडण माझ्या जिभेवर तयार असतं, उभा जन्म मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. पण भांडायला समोर कोणी उभंच नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या परीनं बरोबरच केलं होतं. मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

आता हे कॅन धुतात. गरम पाणी, धुण्याचा सोडा, ब्रश, मग उलटे घालून ठेवायचे. ड्रायव्हर सांगतो, धुतलेल्या प्रत्येक कॅनच्या झाकणाला अजून नाक नेतात. एकदाच. फलाटावर दुसरा माणूस आहे. हे त्याच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, चांगलंही बोलत नाहीत.

आणि मी एक केलं. बाजारात जाऊन पावडरचा डबा आणला. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यांत उग्र वासाची दे. त्यानं दिली, तो वास असा की डबा पिशवीत असताना रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. रोज सकाळी आंघोळ झाली की मी ती मानेला, गळ्याला थापते आणि चहाच्या वेळी यांच्या शेजारी जाऊन बसते. मुलगी शिंकते. शेजारीण विचारते, काय हो, रोज कुठं लग्नाला निघता? मी म्हणते, हौस. खरं कुणाला सांगू. ज्या दिवशी हे कप खाली ठेवून म्हणतील, ‘शी, काय हे, आधी धुऊन ये,’ त्या दिवसाची मी वाट बघतेय. एवढी शिवी खायची आस मला आयुष्यात कधी लागली नव्हती. इतकी वर्षं कुरकुर केली की या माणसापायी साधी पावडर लावता येत नाही, आणि आता लावते तर डोळ्यांत पाणी येतं.

काल चहा पिताना हे एकदम थांबले. कप हातातच राहिला. माझ्या मानेकडे बघत राहिले. मी हललेसुद्धा नाही, मनात म्हटलं, बोला, एकदा बोला.

हे पुढे वाकले, अगदी जवळ, आणि खांद्यावरच्या टॉवेलचं टोक माझ्या मानेवरून हळूच फिरवलं.

‘पीठ लागलंय तुला,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘हो, चाळत होते मघाशी.’